बुडापेस्ट : साध्या तिकिटावर उघडणारे शहर

गेल्या ऑक्टोबरमध्ये आई आणि मी पाच रात्री बुडापेस्टमध्ये राहून आलो. आई सदुसष्ट वर्षांची आहे, साताऱ्यातल्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून ती जिने टाळते, मात्र वर गाणे ऐकायला मिळणार असेल तर तक्रार न करता चढते. दहा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलींची पत्रके आम्ही पाहिली होती आणि बाजूला ठेवली होती, कारण एकच शहर धरून तिथल्या माणसांसारखे राहावे असे दोघींच्याही मनात होते. त्या पाच दिवसांत शहराने आम्हाला काय दिले, कशाचे किती पैसे घेतले आणि कुठे निराश केले, हे पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. बुडापेस्टमधल्या सर्वांत देखण्या गोष्टी तिथले लोक रोज वापरतात: ट्राम, मेट्रो, स्नानगृह, मंडई, नाट्यगृह. पाहुण्याने त्यांच्याच रांगेत उभे राहून, त्यांच्याच खिडकीवर तिकीट काढून त्या वापराव्यात. खास पाहुण्यांसाठी सजवलेले जे जे आम्ही घेतले, ते महाग होते आणि फिके निघाले.

मुंबईहून बुडापेस्टला थेट विमान नाही. आखातातल्या एखाद्या शहरात किंवा इस्तंबूलला विमान बदलावे लागते. शहराच्या आग्नेयेला सुमारे १६ किलोमीटरवर असलेल्या विमानतळाला २०११ साली, संगीतकार लिस्त यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली तेव्हा, त्यांचे नाव देण्यात आले. पाटीवर ते ‘लिस्त फेरेन्त्स’ असे दिसते, कारण हंगेरियन लोक आडनाव आधी लिहितात. विमानतळ लहान आणि सुटसुटीत आहे. पारपत्राच्या खिडकीवर परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचे आरक्षण विचारले गेले. दोन्ही कागद हातात तयार असल्यामुळे आम्हाला दोन मिनिटेही लागली नाहीत. बाहेर पडल्यावर दालनात टॅक्सी हवी का म्हणून विचारत येणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. अधिकृत टॅक्सी पिवळ्या असतात, त्यांचे दर ठरलेले असतात आणि त्या रांगेतच मिळतात. पण टॅक्सीची गरजही नाही, कारण १०० ई क्रमांकाची बस दारातून निघते आणि पाऊण तासाच्या आत शहराच्या मध्यभागी देआक चौकात सोडते. या बसचे तिकीट वेगळे काढावे लागते, नेहमीचे तिकीट किंवा २४ अथवा ७२ तासांचा पास तिच्यात चालत नाही, आणि नवखा माणूस नेमका इथेच चुकतो. ज्यांना नेहमीच्याच तिकिटावर जायचे आहे त्यांनी २०० ई बसने क्योबान्या-किश्पेश्तपर्यंत जाऊन तिथून मेट्रोची तीन क्रमांकाची मार्गिका पकडावी. सामान कमी असेल तर तो मार्गही सोयीचा आहे.

पैशांबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. हंगेरी युरोपीय संघात आणि शेंगेन गटात असली तरी तिथले चलन युरो नाही, फोरिंट आहे. एका रुपयाला साधारण चार फोरिंट असा ढोबळ हिशेब डोक्यात ठेवला की किमती कळतात. पर्यटकांच्या वर्दळीतल्या एका चलन बदलून देणाऱ्या दुकानात मी शंभर युरो दिले आणि फलकावरचा ठळक आकडा खरेदीचा समजून बसले. प्रत्यक्षात तो विक्रीचा होता, आणि हातात आलेली रक्कम बँकेच्या दरापेक्षा बरीच कमी होती. पावतीवर सर्व नियमानुसार होते, त्यामुळे भांडता येईना. त्यानंतर आम्ही बँकेच्या एटीएममधूनच पैसे काढले, आणि यंत्राने ‘तुमच्या चलनात हिशेब करू का’ असे विचारले की प्रत्येक वेळी नकार देऊन फोरिंटच निवडले. दुकानात कार्ड वापरतानाही हाच नियम पाळावा.

आता वाहतुकीकडे येते, कारण या शहराला मी सर्वाधिक गुण तिथेच देईन. डॅन्यूब नदीच्या एका काठाला टेकड्यांचे बुडा आणि दुसऱ्या काठाला सपाट पेस्ट, असे हे शहर आहे. पेस्टच्या बाजूला जमिनीखाली जेमतेम एक मजला खोल अशी मेट्रोची पहिली मार्गिका धावते. ती १८९६ साली सुरू झाली. मग्यार टोळ्या, म्हणजे हंगेरियन लोकांचे पूर्वज, या प्रदेशात येऊन हजार वर्षे झाल्याचा उत्सव त्या वर्षी होता, आणि पेस्टमधून उत्सवाच्या उद्यानापर्यंत लोकांना नेण्यासाठी ती बांधली गेली. युरोपच्या मुख्य भूमीवरची ती सर्वांत जुनी भुयारी रेल्वे. लंडनची तिच्याही आधीची. ती ज्याच्याखालून जाते त्या आंद्राशी मार्गासह तिला २००२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. हे सर्व वाचून मी एखाद्या संग्रहालयाच्या अपेक्षेने खाली उतरले होते. प्रत्यक्षात पांढऱ्या फरशांच्या भिंती, तपकिरी अक्षरांतली स्थानकांची नावे, हिरवट रंगाचे लोखंडी खांब आणि त्यांच्यामधून येणारी बुटकी पिवळी गाडी. तिच्यात दप्तरे घेतलेली मुले, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका आणि वर्तमानपत्र वाचणारा एक गृहस्थ, ज्याने आईला पाहताच काही न बोलता उठून जागा दिली. सव्वाशे वर्षांहून जुनी वस्तू इतकी स्वच्छ, इतकी वेळेवर आणि इतक्या सहजपणे वापरात असलेली मी दुसरी पाहिलेली नाही. पायऱ्या थोड्याच असल्या तरी या मार्गिकेवर उद्वाहन नाही, हे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. खोलवरच्या मार्गिकांचे सरकते जिने आपल्याकडच्यापेक्षा बरेच वेगाने धावतात, तेव्हा पाय ठेवताना सावध असावे. कागदी तिकीट यंत्रात घालून त्यावर ठसा उमटवून घ्यावा लागतो. तिकीट खिशात असूनही ठसा नसेल तर दंड होतो, आणि मेट्रोच्या प्रवेशाशीच तपासनीस उभे असतात. यातून सुटण्यासाठी पास हा उत्तम उपाय.

डॅन्यूबच्या काठाने जाणाऱ्या २ क्रमांकाच्या ट्रामबद्दल मी थोडे जास्त लिहिणार आहे. पहिल्या संध्याकाळी आम्ही नदीवरची जेवणासहित नौकासफर घेतली होती. ध्वनिमुद्रित माहिती चार भाषांत एकामागून एक येत होती, काचांवर वाफ धरली होती आणि शाकाहारी जेवण म्हणून उकडलेल्या भाज्यांची एक ताटली समोर आली. दुसऱ्या दिवशी यासाई मारी चौकातून ट्राममध्ये बसलो, नदीकडची खिडकी धरली, आणि आदल्या दिवशी जे पाहायचे राहिले होते ते सर्व पुढच्या वीस मिनिटांत दिसले. संसदेची इमारत उजव्या हाताला इतकी जवळून जाते की तिच्या दगडी कोरीवकामातले पक्षी मोजता यावेत. उजवीकडे नदी, नदीपलीकडे बुडाची टेकडी आणि किल्ला, मग १८४९ साली पूर्ण झालेला साखळी पूल. १९४४-४५ च्या हिवाळ्यातल्या वेढ्यात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने डॅन्यूबवरचे सगळे पूल उडवले होते; आज दिसणारा साखळी पूल १९४९ साली पुन्हा उभा केलेला आहे. जुन्या गान्झ बनावटीच्या या ट्रामच्या आसनाखालून गरम हवा येते आणि वळणावर चाके कण्हतात. एका फेरीचे तिकीट आपल्या सव्वाशे-दीडशे रुपयांच्या आसपास पडते, आणि पास असेल तर तेही नाही. आम्ही ती ट्राम पाच दिवसांत नऊ वेळा घेतली, त्यातल्या चार वेळा कुठेही जायचे नसताना.

संसद आतून पाहण्यासाठी मार्गदर्शकासह फेरी असते आणि ती आधी आरक्षित करावी लागते. इमारत वास्तुशिल्पी इम्रे श्टाइन्ड्ल यांची. घुमटाची उंची ९६ मीटर, कारण ८९६ हे मग्यारांच्या आगमनाचे वर्ष मानले जाते, आणि हंगेरीचा पहिला राजा संत स्टीफन याच्या बॅसिलिकाची, म्हणजे मोठ्या चर्चची, उंचीही तेवढीच ठेवलेली आहे. संत स्टीफनचा मुकुट घुमटाखाली पहाऱ्यात आहे. आईला मात्र सभागृहाबाहेरच्या खिडकीतली पितळी पट्टी आवडली, जिच्यावर सदस्यांनी आपापला सिगार ठेवून आत जावे म्हणून क्रमांक घातलेल्या खाचा आहेत. किल्ल्यावर जाण्यासाठी १८७० सालची दोरावरची छोटी गाडी आहे, पण तिथे लांब रांग होती. १६ क्रमांकाची बस पासावर थेट वर नेते. मच्छीमार बुरुजाच्या वरच्या सज्ज्याला तिकीट आहे. खालचे सज्जे मोफत आहेत आणि दृश्य तेच आहे.

सेचेनी स्नानगृहाचे दर स्वस्त नाहीत, हे आधीच सांगते. माणशी तीन हजार रुपयांच्या वर पैसे जातात आणि शनिवारी-रविवारी त्याहून जास्त. माझ्या मुख्य मताला हा अपवाद आहे, तरी मी तिथे पुन्हा जाईन. बुडापेस्टखाली शंभराहून अधिक उष्ण झरे आहेत आणि हे स्नानगृह ज्या उद्यानात आहे तिथल्या विहिरीचे पाणी सत्तर अंशांहून अधिक तापमानाने वर येते, मग ते निववून कुंडांत सोडतात. इमारत १९१३ सालची, पिवळ्या रंगाची, राजवाड्यासारखी. मेट्रोचे स्थानक तिच्या दाराशीच आहे. प्रवेश करताना मनगटावर घड्याळासारखी एक पट्टी देतात, तिनेच कपाट उघडते आणि बंद होते. कपाटाऐवजी छोटी स्वतंत्र खोली घेतली तर कपडे बदलणे सोयीचे होते, आणि संकोच वाटणाऱ्या आपल्याकडच्या बायकांनी ती जरूर घ्यावी. आईने पुण्याहून घेतलेला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख घातला होता. त्याकडे कोणी वळूनही पाहिले नाही. सकाळी सात-आठची वेळ होती आणि हवेत कडाक्याचा गारठा होता. बाहेरच्या मोठ्या कुंडावर वाफेचा इतका दाट थर होता की समोरची माणसे आधी आवाजाने कळत आणि मग दिसत. त्या वाफेत छातीभर पाण्यात उभे राहून चार वृद्ध गृहस्थ बुद्धिबळ खेळत होते. पट काठाच्या दगडावर मांडलेला, सोंगट्या पाण्याने काळपट झालेल्या, आणि एक चाल करायला एकाने एवढा वेळ घेतला की मधल्या काळात दुसरा शांतपणे एक फेरी पोहून परत आला. कुंडांच्या तापमानाचे आकडे प्रत्येक ठिकाणी लिहिलेले असतात. आईने अडतीस अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे, मग बाहेर विश्रांती, असा क्रम दोनदा केला. गुडघा बरा झाला असे मी म्हणणार नाही, पण त्या संध्याकाळी तिने ट्राम सोडून चालत जाऊ असे आपणहून सुचवले. दुपारनंतर तरुणांचे घोळके येतात आणि जागेचा स्वभावच बदलतो, म्हणून सकाळचीच वेळ निवडावी. ज्यांना शांतता अधिक हवी त्यांच्यासाठी बुडाच्या बाजूचे रुदाश आहे. तिथे सोळाव्या शतकातल्या तुर्की घुमटाखाली अष्टकोनी कुंड आहे. मात्र त्यातले काही दिवस फक्त पुरुषांसाठी आणि काही फक्त स्त्रियांसाठी राखीव असतात, ते पाहून जावे.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांना धीर द्यावासा वाटतो. मोठी मंडई, म्हणजे १८९७ साली उघडलेली लोखंड आणि विटांची ती प्रचंड इमारत, वरच्या मजल्यावर खाऊगल्लीसारखी आहे. तिथे लांगोश मिळतो: आंबवलेल्या पिठाची जाडसर पोळी हाताने ताणून तेलात तळतात. गाड्यावरच्या बाईंनी ती निथळवली, ब्रशने तिच्यावर लसणाचे पाणी फिरवले, आंबट साय पसरली आणि किसलेले चीज मूठभर टाकले. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “अगं, हा तर भटुराच, पण कडेला कुरकुरीत.” एक लांगोश दोघींना पुरला. मंडईच्या तळमजल्यावर मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. मिरची अमेरिकेतून निघाली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्याने आली आणि हंगेरीत तुर्कांच्या मार्गाने पोचली. सेगेद आणि कलोचा या गावांची पूड नावाजलेली आहे. सेगेदच्याच मिरचीतून जीवनसत्त्व ‘क’ मोठ्या प्रमाणात वेगळे करणारे अल्बर्ट सेन्ट-ज्योर्जी यांना १९३७ साली नोबेल मिळाले. पूड विकणाऱ्या बाईंनी मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी आम्हाला सांगितले की कांदा परतून झाला की भांडे आचेवरून उतरवायचे आणि मगच पूड घालायची, नाहीतर ती जळून कडू होते. आईने मान डोलावली, कारण लाल तिखट फोडणीत जळू नये म्हणून ती हेच करत आली आहे.

दुपारच्या जेवणासाठी ऑफिसातली माणसे जिथे जातात त्या लहान खाणावळी उत्तम. तिथे फ्योझेलेक नावाचा प्रकार मागावा: वाटाणा, पालक किंवा भोपळा शिजवून, पीठ किंवा साय लावून दाट केलेली भाजी, जवळजवळ आपल्या पातळभाजीसारखी. वर मांसाचा तुकडा ठेवण्याची पद्धत असल्याने ‘हूश नेल्क्यूल’, म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करून जावे. गुलाश हे गोमांसाचे सूप आहे, आणि बीन्सच्या सूपमध्येही बहुधा खारवलेले मांस असते. याउलट पर्यटकांच्या मुख्य रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात आमच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावलेले होते आणि वर वेटर बक्षिसासाठी यंत्र पुढे करून उभा राहिला. बिल नीट वाचून मगच पैसे द्यावेत.

ऑपेरागृह हे आईसाठी सहलीचे मुख्य कारण होते. मिक्लोश इब्ल यांनी बांधलेले हे गृह १८८४ साली उघडले आणि दीर्घ दुरुस्तीनंतर २०२२ साली पुन्हा सुरू झाले. १८८८ ते १८९१ या काळात संगीतकार गुस्ताव्ह माहलर त्याचे संचालक होते. किर्लोस्करांच्या संगीत नाटकाने पुण्यात १८८० साली सुरुवात केली, म्हणजे दोन्ही परंपरांचे हे वय जवळजवळ एकच, ही गोष्ट आईने मध्यंतरात मला सांगितली, आणि ती सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला तिकिटाच्या किमतीत बसवता येणार नाही. आम्ही सर्वांत वरच्या सज्ज्याची स्वस्त तिकिटे काढली होती. जिना बराच आहे, पण तिने दोन ठिकाणी थांबून चढला. वरून रंगमंचाचा एक कोपरा झाकला जातो हे खरे. आवाज मात्र तिथेच सर्वांत स्वच्छ पोचतो, आणि कारोय लोत्स यांनी रंगवलेले छत व त्याखालचे मोठे झुंबर डोळ्यांच्या पातळीवर येते. मोत्सार्टचा ऑपेरा होता. रंगमंचाच्या वर हंगेरियन आणि इंग्रजी भाषांतर दिसत राहते, त्यामुळे कथा सुटत नाही. आमच्या शेजारी बसलेल्या आजींनी पर्समधून लहान दुर्बीण काढली आणि प्रत्येक मोठ्या गाण्याला ती आईच्या हाती दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ज्यांना ऑपेरा जड वाटेल त्यांनी लिस्त संगीत अकादमीच्या १९०७ सालच्या सभागृहात एखादी मैफल ऐकावी, किंवा सेचेनी स्नानगृहाच्याच उद्यानातले, सू फुजिमोतो यांनी रचलेले संगीतभवन पाहावे. त्याच्या छपराला भोके ठेवून झाडांना वर वाढू दिले आहे.

भारतीय माणसाला या शहरात ओळखीच्या खुणा सापडतात, आणि त्या शोधायला अर्धा दिवस द्यावा. चित्रकार अमृता शेरगिल यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी इथेच झाला. आई हंगेरियन, वडील पंजाबचे. भारतीय दूतावासाच्या सांस्कृतिक केंद्राला त्यांचेच नाव आहे. संस्कृतचे अभ्यासक आणि संशोधक ऑरेल स्टाइन १८६२ साली पेस्टमध्ये जन्मले. कल्हणाच्या राजतरंगिणीची त्यांनी संपादित केलेली संस्कृत संहिता १८९२ साली मुंबईत छापली गेली. आंद्राशी मार्गावर होप फेरेन्त्स या प्रवासी व्यापाऱ्याने १९१९ साली आपले घर आणि संग्रह मागे ठेवला, त्यातून आशियाई कलांचे संग्रहालय उभे राहिले. ते लहान आहे.

सातव्या विभागाबद्दल, म्हणजे जुन्या ज्यू वस्तीबद्दल, लिहिताना मात्र मला थांबून विचार करावा लागतो. डोहान्य मार्गावरचे १८५९ सालचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनागृह, युरोपात सर्वांत मोठे आहे, आणि त्याच्या अंगणात १९४४-४५ च्या हिवाळ्यात वस्तीत कोंडून मेलेल्या दोन हजारांहून अधिक ज्यूंना पुरलेले आहे. मागच्या बाजूला इम्रे वर्गा यांनी घडवलेले धातूचे झुकलेले झाड आहे, त्याच्या पानांवर मृतांची नावे. संसदेजवळ नदीच्या काठावर लोखंडी जोड्यांच्या साठ जोड्या ठेवल्या आहेत. ॲरो क्रॉस या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाच्या लोकांनी ज्यूंना जोडे काढायला लावून तिथे गोळ्या घातल्या आणि प्रेते नदीत पडू दिली. त्या जोड्यांत एक मुलाचा जोडा आहे, आणि आम्ही गेलो तेव्हा त्यात कोणीतरी एक गोळी ठेवली होती, साधी कागदात गुंडाळलेली लिमलेटची. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. सिनेगॉग सकाळी आणि हे जोडे त्यानंतर लगेच पाहावेत. त्या दिवशी रात्रीचा दुसरा कार्यक्रम ठेवू नये.

शहरातली प्रसिद्ध रात्र याच विभागात आहे. रिकाम्या पडलेल्या जुन्या चाळवजा इमारतींच्या अंगणांत गेल्या पंचवीसेक वर्षांत मद्यगृहे सुरू झाली. त्यांना ‘अवशेषांतली’ मद्यगृहे म्हणतात. कझिन्त्सी मार्गावरचे सिंप्ला केर्ट हे त्यांतले सर्वांत माहितीचे. आम्ही तिथे संध्याकाळी सात वाजता गेलो. पोपडे उडालेल्या भिंती, कापून सोफा केलेले न्हाणीघरातले टब, अंगणात जुनी ट्राबांट गाडी आणि तिच्यात बसून गप्पा मारणारी मुले. आईने लिंबाचे सरबत घेतले, मी तिथली द्राक्षाची वाइन घेतली, आणि तासभर कोणी आम्हाला उठा म्हटले नाही. रविवारी सकाळी त्याच अंगणात शेतकरी भाजी, मध आणि चीज घेऊन बसतात, आणि मला ती सकाळ संध्याकाळहून जास्त आवडली. रात्री अकरानंतर मात्र रस्ता ओरडणाऱ्या घोळक्यांनी भरतो. २०१८ साली या विभागात मद्यगृहे मध्यरात्री बंद करावीत का यावर मतदान झाले, आणि मतदारांची संख्या पुरेशी न भरल्याने तो कौल बाद ठरला. शेजारच्या सहाव्या विभागाने २०२४ साली अल्पमुदतीने भाड्याने देण्याच्या घरांविरुद्ध कौल दिला आणि २०२६ पासून तिथे ती बंद झाली. रात्रीच्या या गोंगाटामुळे झोपण्यासाठी सातवा विभाग निवडू नये. आम्ही तेराव्या विभागात, नदीजवळ राहिलो, आणि तिथे रात्री फक्त ट्रामचा आवाज येत असे.

रात्रीच्या करमणुकीत मी सर्वांत वर ठेवेन ते तान्त्सहाझ, म्हणजे नृत्यघर. १९७२ साली बुडापेस्टमधल्या काही तरुण वादकांनी आणि नर्तकांनी खेड्यांतली नृत्ये रंगमंचावर दाखवण्याऐवजी शहरातल्या खोलीत सर्वांनी मिळून नाचायला सुरुवात केली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी बार्तोक आणि कोदाय या संगीतकारांनी फोनोग्राफ घेऊन गावोगाव जे संगीत गोळा केले होते, त्याची ही पुढची पिढी. युनेस्कोने २०११ साली तिची दखल घेतली. आपल्याकडेही जात्यावरच्या ओव्यांचे मोठे संग्रह झाले आहेत, पण दर आठवड्याला एका सभागृहात तिकीट काढून जमायचे आणि त्या म्हणायच्या, अशी जागा मला माहीत नाही, आणि ती असावी असे मनापासून वाटते. बुडाच्या बाजूला फोनो नावाचे संगीतगृह आहे, तिथे आम्ही गेलो. पहिला तासभर एक जोडपे सर्वांना पावले शिकवते. मग वादक येतात: एक व्हायोलिन, एक मोठे तंतुवाद्य आणि तीन तारांची चपट्या घोडीची व्हायोला, जिच्यावर गज एकदम सर्व तारांवर पडतो आणि सुरांऐवजी ठेका ऐकू येतो. आई बाकावर बसून तो गज पाहत होती. तेवढ्यात तिच्याच वयाच्या एक बाई आल्या, त्यांनी हात पुढे केला आणि तिला बायकांच्या रिंगणात नेले. उजवा पाय, डावा पाय, एक लहान उडी. उडी ती वगळत होती. “मंगळागौरीतलंच आहे गं हे, फक्त हात धरायची पद्धत वेगळी,” ती परत येऊन म्हणाली, आणि पाणी पिऊन पुन्हा रिंगणात गेली.

तिथून निघालो तेव्हा पाऊस लागला होता. एक ट्राम बदलून मोरित्स चौकात आलो आणि ६ क्रमांकाची घेतली, जी रात्रभर धावते. डब्यात व्हायोलिनची पेटी मांडीवर घेतलेली एक मुलगी, कामावरून परतणारे दोन स्वयंपाकी आणि पेटोफी पुलावर येताच सगळ्यांच्या बाजूच्या काचेत उतरलेले नदीकाठचे दिवे. त्या दिवसासाठी काढलेल्या २४ तासांच्या पासाची मुदत पावणेबाराला संपत होती. यासाई मारी चौकात उतरलो तेव्हा साडेअकरा झाले होते.